रणपिसे डॉक्टरांची थंडी

डॉक्टर यशवंत रणपिसे यांना खोटं बोलता येत नसे. हा त्यांचा गुण होता की दोष, हे मला इतक्या वर्षांनीही ठरवता आलेलं नाही.

आम्ही पुण्याला एकाच वर्गात डॉक्टरी शिकलो. पुढं मी शिरूरला बाळंतपणाचा दवाखाना काढला आणि त्यांनी दौंडला, स्टेशनाकडून बाजारात जाणाऱ्या रस्त्यावर, आपली पाटी लावली. गाव त्यांचं राहू. तिथल्या बौद्धवस्तीतले ते पहिले डॉक्टर. वडील दुसऱ्यांच्या उसाला रात्री-अपरात्री पाणी देत, त्यातून शिकलेले. दवाखान्यात रेल्वेची माणसं यायची, आसपासच्या गावांतले शेतकरी यायचे, आणि जो येईल त्याला ते जे असेल ते तोंडावर सांगायचे. तेही मोठ्यानं. बाहेरच्या बाकांवर बसलेल्या सगळ्यांना एकमेकांचे आजार पाठ असत.

एकदा एका गावचे बडे पाटील ताकदीची सुई घ्यायला आले. मी त्या दिवशी तिथंच होते. रणपिश्यांनी त्यांना तपासलं आणि म्हणाले, "पाटील, ताकद सुईत नसते. तुमची साखर वाढलीय. आणि तुम्ही आत्ता येताना पेढा खाल्लाय, तो मिशीला लागलाय." बाकांवर हशा पिकला. पाटील तरातरा निघून गेले. चार-सहा महिन्यांनी तेच पाटील गुपचूप येऊन बाकाच्या टोकाला बसले. "बाकीचे डॉक्टर म्हणत्यात, काही झालं न्हाई," ते कुरकुरले. "आन् पायाची जखम तर भरंना. मग म्हटलं, शिव्या खाल्लेल्या बऱ्या."

मी रणपिश्यांना म्हणायचे, "अहो, जरा हळू सांगावं. माणूस घाबरतो."

"ताई, माहीत नसलं की माणूस घाबरतो. माहीत झालं की भीती जाते," ते म्हणायचे. ते वाक्य ते इतक्या खात्रीनं बोलत की पुढं वाद घालण्यात अर्थ नसे.

त्यांचे हात मात्र फार चांगले होते. रुंद, कोरडे आणि ऐन थंडीतही गरम. रडणारी पोरं त्यांच्या हातात गप्प होत.

सत्तरीचं दशक सरत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. रणपिसे अजून पन्नाशीचे नव्हते. एका दुपारी ते टेबलावर झोपवलेल्या बाईचं पोट तपासत होते आणि मधेच थांबले. तिला म्हणाले, "बाई, जरा उठता का? मला आडवं व्हायचंय." ती गोंधळून उठली. ते त्याच टेबलावर आडवे झाले आणि नेहमीच्याच आवाजात कंपाउंडरला म्हणाले, "मला हार्ट अॅटॅक आलाय. शांताला बोलव आणि टॅक्सी बघ." बाहेरच्या सगळ्यांनी ते ऐकलं. बाकांवरची माणसं उठून उभी राहिली. टॅक्सी पुण्याच्या रस्त्याला लागेपर्यंत त्यांतलं कोणी खाली बसलं नाही, असं शांतावहिनींनी मला नंतर सांगितलं.

ते वाचले. पुण्याच्या इस्पितळात मी त्यांना भेटायला गेले तेव्हा ते उताणे पडून छताकडं बघत होते. त्या काळी हृदयविकाराच्या रोग्याला कितीतरी दिवस कुशीवर वळायचीही मुभा नसे. एक तरुण डॉक्टर त्यांचं रक्त काढत होता. तिथं आमचेच जुने सर प्रमुख होते आणि त्यांच्या हाताखाली हा मुलगा हृदयविकाराच्या रोग्यांच्या रक्तातले टी-थ्रीसारखे थायरॉइडचे घटक बघत होता. तपासणी नवीन होती. रक्त मुंबईला जाई, उत्तर यायला वेळ लागे.

"मागच्या वेळच्या रक्ताचं काय झालं?" रणपिश्यांनी विचारलं.

मुलगा माझ्याकडं बघायला लागला.

"त्यांच्याकडं काय बघतोस? मीही डॉक्टर आहे. सांग."

"टी-थ्री खाली गेलंय, सर."

"किती?"

"बरंच."

तो गेल्यावर रणपिसे म्हणाले, "ताई, तुम्हाला माझ्या मावशीचं कधी सांगितलंय का?"

सांगितलं नव्हतं. त्यांच्या आईची धाकटी बहीण, भागूमावशी. राहूला त्यांच्याच घरी राहायची. ते लहान होते तेव्हा ती चांगली हिंडतीफिरती, गाणी म्हणणारी होती. मग ती मंदावत गेली. तोंड सुजलं, आवाज पुरुषासारखा घोगरा झाला, भर उन्हाळ्यात चुलीपाशी गोधडी घेऊन बसायला लागली. हाक मारली की काही वेळानं मान वळायची. गाव म्हणायचं, आळशी आहे, कुणी म्हणायचं, बाहेरचं झालंय. एका सकाळी ती चुलीपाशीच थंडगार सापडली. पुढं कॉलेजात थायरॉइड बंद पडलेल्या माणसाचा फोटो पुस्तकात बघितला आणि रणपिसे वर्गातून उठून बाहेर गेले होते. तो दिवस मला आठवत होता. कारण आत्ता कळलं.

"एका झटक्यात गेलो तर चालेल," ते छताकडं बघत म्हणाले. "पण तसं नको. हळूहळू विझत जायचं आणि ते आपल्याला कळतही नाही. तसं नको."

माहीत झालं की भीती जाते म्हणणारा माणूस हा. आणि मी त्यांच्या गळ्याजवळची शीर उडताना बघत होते.

ते दौंडला परतले तेव्हा कडाक्याची थंडी पडली होती. त्यामुळं सगळंच अवघड झालं. थंडी सगळ्यांनाच वाजत होती, पण रणपिश्यांना ती आतून येतेय असं वाटायचं. अंगणात त्यांची खाट टाकलेली असे आणि ऊन सरकेल तशी वहिनी ती सरकवत. अंगावर दोन गोधड्या, जवळ कोळशाची शेगडी. येणाऱ्या प्रत्येकाला ते विचारत, "माझा आवाज घोगरा झालाय का?" दूधवाल्याला विचारलं, टपालवाल्याला विचारलं. आरशासमोर उभं राहून पाण्याचा घोट घेत आणि गिळताना गळ्यात काही वरखाली होतंय का ते बघत. शेवटी वहिनींनी आरसा शेजाऱ्यांकडं नेऊन ठेवला.

मी एका रविवारी शिरूरहून एसटीनं गेले. दार उघडंच होतं. आत बघते तर रणपिसे खुर्चीवर उलटे, गुडघे टेकून बसलेले, पावलं मागं लोंबकळत सोडलेली, हातांनी खुर्चीची पाठ घट्ट धरलेली. मागं वहिनी उभ्या. त्यांच्या हातात रबरी हातोडी आणि डोळ्यांत पाणी.

"बरं झालं आलात," रणपिसे मान न वळवता म्हणाले. "हिला मारता येत नाही. तुम्ही मारा. टाचेच्या वरच्या शिरेवर. आणि बघा, पाऊल परत यायला किती वेळ घेतंय."

थायरॉइड मंदावलेल्या माणसाचं पाऊल हातोडीच्या ठोक्यानं उडतं, पण मूळ जागी सावकाश येतं. आम्ही दोघंही ते शिकलो होतो. मी हातोडी घेतली. मारली. पाऊल उडालं आणि चटकन परत आलं. दुसऱ्या पायाचंही तसंच.

"छान आहे," मी म्हणाले.

"पुन्हा मारा."

मी पुन्हा मारली.

"तुम्ही खोटं बोलताय."

"रणपिसे, मी कशाला खोटं बोलू?"

"मी आजारी आहे म्हणून. आजाऱ्याशी सगळेच खोटं बोलतात." ते खुर्चीवरून उतरले आणि एकदम त्यांची पुस्तकी भाषा गळून पडली. "ताई, मला लई थंडी वाजतीया वो. हाडांत वाजतीया."

मी त्यांचा हात हातात घेतला. तो खरंच गार होता. मी काय सांगणार? थायरॉइड नीट आहे हे मला पावलावरून दिसत होतं. पण रक्तातलं टी-थ्री खाली का गेलं, हे मलाही माहीत नव्हतं. बसमध्ये परत येताना मला त्यांची भीती माझ्यात उतरल्यासारखी वाटली. पावलाचा तो झटका मी मनातल्या मनात पुन्हापुन्हा बघत होते. खरंच चटकन आलं होतं ना?

पुढच्या खेपेला गेले तर घराची कळाच वेगळी. खाट अंगणातून उचललेली. रणपिसे नुसत्या सदऱ्यावर येरझारा घालत होते. बोलत होते, हसत होते, दवाखाना कधी उघडायचा ते ठरवत होते. वहिनींनी आनंदानं पुरणपोळीचा घाट घातला होता. "बघा ना, देव पावला म्हणायची सोय न्हाई आमच्यात, पण काहीतरी पावलंच," त्या मला म्हणाल्या.

रणपिश्यांनी माझा हात हातात घेऊन दाबला. हात गरम होता. गरम आणि ओला. बोटं बारीक थरथरत होती. मी त्यांची नाडी धरली. ती धावत होती, मधेच अडखळत होती आणि पुन्हा धावत होती.

मी मनगट सोडलं नाही.

"रणपिसे, तुम्ही थायरॉइडच्या गोळ्या घेताय?"

"नाही," ते म्हणाले.

ते माझ्याकडं बघत नव्हते. मी त्यांना तीस वर्षं ओळखत होते, आणि हे त्यांचं पहिलं खोटं मी ऐकत होते. ते इतकं कच्चं होतं की वहिनींनाही कळलं. त्या परातीतल्या कणकेत हात तसाच ठेवून बघत राहिल्या.

ज्या हृदयाचा एक भाग नुकताच मेला आहे, त्याला त्या गोळ्या म्हणजे चाबूक. हे मला ठाऊक होतं, आणि त्यांना माझ्याहून जास्त. पण मी ते बोलेपर्यंत ते जेवायला बसले होते. दुसरा घास घेतला आणि तो तसाच तोंडात राहिला. चेहरा पांढरा पडला, कपाळावर घाम फुटला. त्यांनी छातीवर मूठ ठेवली. मी जिभेखालची गोळी दिली, त्यांना भिंतीला टेकवून बसवलं, सदऱ्याची बटणं काढली.

"कपाटात हायत," ते कसेबसे म्हणाले. "हातोडीच्या डब्यात. गोळ्या. ताई, मी घेतल्या. रोज घेतल्या." मग त्यांनी वहिनींचा कणकेचा हात दोन्ही हातांनी धरला. "शांते, मला मरायचं न्हाई. मला धर. मला सोडू नको."

मी आयुष्यात पुष्कळ माणसं घाबरलेली बघितली आहेत. बाळंतिणींच्या खोलीत ती रोजचीच गोष्ट. पण इतकं भ्यालेलं तोंड मी दुसरं बघितलं नाही. डोळे विस्फारलेले, आणि त्या डोळ्यांना आत काय चाललंय ते सगळं ठाऊक. वहिनी त्यांना धरून बसल्या होत्या. मी नाडीवर बोटं ठेवून बसले होते, आणि प्रत्येक चुकलेल्या ठोक्याला माझं स्वतःचं काळीज थांबत होतं. वेळ किती गेला सांगता येणार नाही. हळूहळू कळ ओसरली. नाडी जरा सुधारली. त्यांना ग्लानी आली.

मग वहिनी उठल्या. हात धुतले. कपाटातून डबा काढला आणि गोळ्या मोरीत ओतून वर घागरभर पाणी घातलं. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत झालेलं, नवऱ्यापुढं कधी आवाज न चढवणारी बाई. त्या परत येऊन नवऱ्याजवळ बसल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "सगळ्या तालुक्याला खरं सांगता. मीच तेवढी राहिले होते व्हय?"

रणपिश्यांनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानाकडं वाहत होतं.

चार दिवसांनी आम्ही त्यांना पुण्याला सरांकडं नेलं. आग्रह वहिनींचा. सरांनी रागावून घेतलं, तपासलं, पुन्हा रागावले. मग खुर्ची ओढून समोर बसले.

"रणपिसे, नीट ऐक. तुझी ग्रंथी बंद पडलेली नाही. ती खरंच बंद पडली असती तर मेंदूकडून तिला हाका वाढल्या असत्या. त्या हाकासुद्धा आम्ही रक्तात मोजल्यात. वाढलेल्या नाहीत. एवढा मोठा घाव बसला की शरीर आपणहून हे खाली उतरवतं. अॅटॅकनंतर पुष्कळांचं उतरतं. ज्याचा घाव मोठा, त्याचं जास्त."

"का उतरवतं?" रणपिश्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मला माहीत नाही. कदाचित कमी खर्चात भागवायचं असेल त्याला. कदाचित नुसतीच मोडतोड असेल. अजून कोणालाच नक्की माहीत नाही. जे बरे होतात त्यांचं बहुतेक वर येतं, एवढं दिसतंय. दमलेल्या बैलाला टोचू नये, एवढंच मला कळतं."

"आणि माझं वर नाही आलं तर?"

"तर मी तुला तसं सांगेन."

मला वाटलं होतं, हे ऐकून ते आणखी भितील. पण रणपिश्यांचे खांदे त्या दिवशी पहिल्यांदा खाली आले. इतके दिवस जो तो त्यांना म्हणत होता, काही नाही, सगळं ठीक आहे. मीही तेच म्हणत होते. त्या सगळ्यात एक माणूस निघाला, ज्यानं 'माहीत नाही' म्हटलं. आणि त्यावर त्यांनी विश्वास ठेवला.

भीती मात्र गेली नाही. थंडी कमी होत गेली, होळी झाली, उन्हं तापली. दर खेपेला मी जायचे तेव्हा ते ओसरीवर बसलेले असत, एक हात दुसऱ्या मनगटावर. "भीती वाटतीया," ते सांगत. पूर्वी रोग्याचा आजार सांगत त्याच आवाजात. "आज कमी हाय. सकाळी लई होती." वहिनी त्यांच्याजवळ बसून निवडणं-टिपणं करत. त्या घरात तेवढ्या दिवसांत एक नियम झाला होता, वहिनींनी विचारलं की खरं सांगायचं, आणि नाही विचारलं तरी सांगायचं.

उन्हाळ्यात पुन्हा रक्त गेलं. उत्तर यायच्या दिवसांत वहिनी जेवल्या नाहीत नीट, मी शिरूरला बाळंतपणं करताना दोनदा हातातलं काम विसरले. उत्तर आलं. सगळं जागच्या जागी आलं होतं. सरांनी फोनवर स्वतः सांगितलं. रणपिश्यांनी 'बरं' म्हटलं, फोन ठेवला, आणि म्हणाले, "मला राहूला जायचंय."

आम्ही तिघंही गेलो. त्यांची आई तेव्हा खूप थकली होती, पण बोलणं खणखणीत. रणपिसे तिच्यापुढं जमिनीवर बसले आणि त्यांनी विचारलं, "आई, भागूमावशी अशी कवापासनं झाली?"

"लेकरू गेलं तवापासनं," म्हातारी म्हणाली. "तुला ठावं न्हाई. तुझ्या आदुगर झालं व्हतं तिला. ते गेलं, नवऱ्यानं टाकली, म्हून हितं आली. तुझ्या लहानपणी बरी व्हती. मंग पुन्यांदा बसली."

"तुम्ही तिला काय विचारलं का कधी? काय व्हतंय म्हणून?"

"काय इचारायचं? चुलीम्होरनं ऊठ म्हणायचो. तेवढंच." म्हातारी पुढं म्हणाली, "भ्यायची ती. कशाला भ्यायची कुणास ठावं. माझा पदर धरायची आन् मी झटकायची. कामं असायची रं."

थायरॉइड बंद पडायला लेकरू गेल्याचं दुःख कारण होतं की नव्हतं, हे आम्हा दोघा डॉक्टरांपैकी कोणीच सांगू शकत नव्हतं. परतताना गाडीनं यवत मागं टाकल्यावर रणपिसे एवढंच म्हणाले, "गोळी तर तेव्हा नव्हतीच तिला. पण पदर होता."

त्यांनी दवाखाना पुन्हा उघडला. सांगायचे ते खरंच, पण आता तपासायच्या खोलीला दार बसवलं होतं आणि ते लावून घ्यायचे. आत काय चालायचं ते मी एकदाच बघितलं. रेल्वेतला एक धिप्पाड माणूस नुकताच अॅटॅकमधून उठला होता आणि पाय खाली ठेवायला तयार नव्हता. रणपिसे त्याला म्हणाले, "तुमच्या हृदयाचा थोडा भाग गेलाय. बाकीचा चांगला हाय. भीती वाटती ना?"

"न्हाई," तो माणूस म्हणाला.

"मला वाटती. अजून वाटती."

तो माणूस त्यांच्याकडं बघत राहिला आणि मग मोठ्यानं रडायला लागला. रणपिसे स्टुलावर बसून राहिले. त्यांनी त्याला गप्प केलं नाही.

ही अशी वर्ष-दीड वर्षं मिळाली त्यांना. दुसरा झटका आला तो झोपेत, पहाटे. वहिनी जवळ होत्या. त्यांनी मला सांगितलं, "जागे झाले. म्हणाले, शांते, आलाय. मी म्हटलं, धरलंय मी. मग गेले." एवढं सांगून त्या चहा करायला उठल्या, मी नको म्हटलं तरी.

त्याच्या थोडे दिवस आधी मी त्यांना शेवटचं बघितलं. मी सोलापूरला बहिणीकडं निघाले होते, दौंडला गाडी थांबलेली होती. सकाळचं ऊन रुळांवर होतं. खिडकीतून सहज वर पाहिलं तर फलाटांवरच्या पुलाच्या जिन्यावर रणपिसे. बरोबर एक फेटेवाला म्हातारा. त्याला ते जिना चढायला शिकवत होते. बरे झालेले हृदयाचे रोगी ते असे हळूहळू चालते करत, हे मला ऐकून माहीत होतं. दोघं अर्ध्यावर थांबले होते. हमालांचा लोंढा त्यांच्या दोन्ही बाजूंनी वाहत होता. म्हाताऱ्याचं मनगट रणपिश्यांच्या हातात होतं. आणि रणपिश्यांचं मनगट म्हाताऱ्याच्या. दोघंही माना खाली घालून, ओठ हलवत, मोजत होते.

मी हाक मारणार होते. पण त्यांचं मोजणं चुकेल म्हणून थांबले. गाडी हलली तेव्हा त्यांनी एकमेकांचे हात सोडले आणि पुढच्या पायरीवर पाय ठेवला.